रिकामीच आहे

प्रिय धाकट्या,

वर 'प्रिय' दिसतंय म्हणून हुरळून जाऊ नकोस. ते तिथे कसं आलं ते पत्राच्या शेवटी सांगणार आहे, आणि मधलं गाळून थेट तिकडे उडी मारायची नाही. ती तुझी जुनी खोड. लहानपणी घरात नवं गोष्टीचं पुस्तक आलं की तू शेवटचं पान आधी वाचायचास आणि मी निम्म्यावर असताना येऊन मला शेवट सांगून पळायचास. या वेळी शेवट माझ्याकडे आहे. सावकाश वाच.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, सभेतलं भाषण ते. आधी मी ते दुकानात उभ्यानेच वाचलं, मग स्टूल ओढून बसले, कारण उभं राहून एवढं हसणं आता कमरेला सोसत नाही. 'आदरणीय ताईस साष्टांग नमस्कार.' साष्टांग! अरे, हातातून पडलेला रुमाल उचलायलासुद्धा तू कधी वाकला नाहीस, शेजारी बायको असायची. पुढे 'समाजाने कपाळी मारलेला शिक्का' काय, 'नागरिक म्हणून हिरावला गेलेला हक्क' काय, 'आत्मसन्मानाची लढाई' काय. ही वाक्यं तुझी नव्हेत. तुझी वाक्यं मी तुझ्या जन्मापासून ओळखते. ती दोन-तीन शब्दांची असतात आणि त्यांतला एक शब्द 'दे' असतो. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखी ही भाषा तुझ्या अंगावर लोंबत होती. शेवटी एकदाचा तू मुद्द्यावर आलास, आणि तिथे मात्र तुझा खरा आवाज ऐकू आला. सही दे.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाने काही वर्षं नीट वागून दाखवलं की त्याला बंदुकीचा परवाना मागता येईल, असा नवा नियम झाला आहे, हे मला सुटून आलेल्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या तुझ्या त्या मंडळाने शिकवायची गरज नव्हती. बंदुका दुरुस्त करून मी पोट भरते. अर्जासोबत एका जवळच्या नातेवाइकाने सांगायचं की हा माणूस भरवशाचा आहे, आणि या धंद्यातल्या एका परवानाधारकाने सांगायचं की याच्या हातात हत्यार द्यायला हरकत नाही. म्हणजे मी तुझ्या दृष्टीने एका दगडात दोन पक्षी. शिवाय परवाना मिळाल्यावर तुला नवी बंदूक नकोच आहे, अण्णांची दुनळीच हवी आहे, जी खटल्यानंतर माझ्या ताब्यात आली आणि माझ्या कपाटात कुलपात आहे. तीही दे.

स्वसंरक्षणासाठी हवी म्हणतोस. कुणापासून रे? बसस्थानकामागची ती खोली मीच तुला शोधून दिली, त्यामुळे आत काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. एक खाट, एक किटली, दोन खुर्च्या, त्यातल्या एकीचा पाय मोडका. चोर आलाच तर दया येऊन काहीतरी ठेवून जाईल. आणि आजवर तुझ्या हातातल्या बंदुकीपासून संरक्षणाची गरज कुणाला पडली, याचा कधी विचार केला आहेस का? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तुझ्या मंडळाचे अध्यक्ष दुकानात येऊन गेले. सोबत तुझे वकीलही होते. आधी त्यांच्या अत्तराचा वास आला आणि मग ते आले. अध्यक्षांच्या छातीवर मंडळाचा बिल्ला होता आणि बोलताना ते तो सारखा चाचपत होते, जणू तो पडला तर आपण कुठल्या बाजूचे ते विसरायला होईल. मला म्हणाले, बाई, शिक्षा संपली की पाटी कोरी. मी म्हटलं, पाटी होते हो कोरी, दार होत नाही. त्यांना दाराचं काही कळेना, कारण तू त्यांना दाराबद्दल सांगितलंच नव्हतंस. तू सांगितलं होतंस की घरात किरकोळ भांडण झालं, हातून चुकून गोळी सुटली आणि कोर्टाने राईचा पर्वत केला. हे मला तुझ्या वकिलांनीच सांगितलं, आणि तेही मला समजावून देण्याच्या सुरात. मी म्हटलं, अस्सं का. अध्यक्ष काउंटरवर कोपर टेकून उभे होते तिथे मी नुकतंच नळी पुसलेलं तेलाचं फडकं ठेवलं होतं. त्यांची पांढरीशुभ्र बाही ते काळं तेल पीत होती आणि डाग वर चढताना मला दिसत होता. मी सांगितलं नाही.

पण एक स्पष्ट करते, नाहीतर तू मंडळात सांगत सुटशील की ताईला तुरुंगातून आलेल्या माणसांचा तिटकारा आहे. तसं अजिबात नाही. तुला मतदानाचा हक्क परत मिळाला तेव्हा मला बरंच वाटलं. फर्निचरच्या गोदामातली गाडी चालवायचं काम तुला मिळालं, त्या मालकाशी आधी कोण बोलून आलं होतं ते तू त्यालाच विचार. माणसाने एकदा भोगलं की लोकांनी त्याचा पिच्छा सोडावा, या मताची मी आहे. आणि सहीचंच म्हणशील तर अशी एक सही मी केलेलीही आहे. गोदामांवर पहारा देणारा एक माणूस आहे, त्याला सगळे मिशा म्हणतात. तरुणपणी एका दुकानफोडीत सापडून आत जाऊन आला होता. आता बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती, त्यासाठी परवाना हवा होता. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला त्या दुकानफोडीबद्दल एक शब्द विचारला नाही. काउंटरवर एक बंदूक ठेवली, बंद, आणि म्हटलं, घ्या. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाला, बाई, आधी तुम्ही उघडून दाखवा, मग मी हात लावतो. मी तिथल्या तिथे सही केली. शिक्का त्याच्याही कपाळी होताच की. तेव्हा शिक्क्याचं रडगाणं मला ऐकवू नकोस. शिक्क्याशी माझं काही वाकडं नाही. मी तुला ओळखते, अडचण ती आहे.

उघडून दाखवण्यावरून आठवलं. आपल्या घरात पाढ्यांच्या आधी काय शिकवलं जायचं? उघडी द्यायची, उघडी घ्यायची. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नळी खाली पाडलेली हवी, आणि देणाऱ्याने नि घेणाऱ्याने, दोघांनीही आत डोकावून मोठ्याने 'पाहिली' म्हणायचं. अण्णा आणि मी सबंध सकाळ एकच बंदूक एकमेकांकडे देत-घेत असलो तरी दर वेळी दोघंही डोकवायचो. गिऱ्हाइकं हसायची. पोलिसातला मोठा साहेब आला तरी त्याची सुटका नव्हती. अण्णा म्हणायचे, साहेब, पाहिली म्हणा, आणि साहेब मुकाट्याने म्हणायचे. एकदा जेवताना आईने पाण्याचा पेला पुढे केला तर अण्णा त्यात डोकावून 'पाहिली' म्हणाले होते, आठवतं? आई म्हणाली, आता तुम्हाला घरातच ठेवायचं की दुकानातच झोपवायचं ते सांगा. तुला तेव्हा हसता हसता ठसका लागला होता.

हा नियम सगळ्या जगाला होता, एक तू सोडून. तू वंशाचा दिवा. तू दुकानात यायचास, दिसेल ती बंदूक तशीच उचलायचास आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायचास. अण्णा कौतुकाने म्हणायचे, लहान आहे, शिकेल. मी एकदा, फक्त एकदा, आत न बघता नळी मिटली, तर त्यांनी आठवडाभर मला दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. मी रडले, आणि पुन्हा कधी चुकले नाही. तू रडला नाहीस आणि शिकलाही नाहीस. बाहेरच्या पाटीवर मात्र त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असं ठसठशीत रंगवून घेतलं, तेव्हा कानस माझ्या हातात होती आणि चिरंजीव मैदानावर पतंगाच्या मागे धावत होते. ती पाटी मी अजून काढलेली नाही. नवं गिऱ्हाईक विचारतं, चिरंजीव कुठे आहेत? मी म्हणते, ही काय समोर उभी आहे.

खोटं कशाला बोलू, तू माझाही लाडका होतास. बंदुका सोडवून पुसलेल्या सुट्या नळ्या भिंतीशी उभ्या असायच्या. तू त्यातली एक घेऊन तिच्या तोंडाशी ओठ लावायचास आणि अशी काही फुंकर मारायचास की दुकानात घुबड शिरल्यासारखा घूऽऽ आवाज यायचा. अण्णा दचकल्याचं सोंग करायचे. मला हसू आवरायचं नाही. त्या धंद्यातलं तेवढं एकच काम तुला जमलं. गंमत म्हणजे ठकीलाही ते जमतं, आणि तिला ते कुणी शिकवलेलं नाही. पहिल्यांदा तिने तो आवाज काढला तेव्हा मी हातातलं काम टाकून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले होते.

ठकी म्हणजे तुझी मुलगी. आठवण करून द्यावी लागते, कारण तुझ्या त्या लांबलचक पत्रात बंदूक आहे, परवाना आहे, हक्क आहे, अण्णांची आठवण आहे, सरकार आहे, अगदी माझ्या कंबरदुखीची चौकशीही आहे. ठकी नाही. तिची आई नाही. सुटून आल्यापासून एकदाही तू विचारलं नाहीस की त्या दोघी कशा आहेत. तुझं लक्ष नसेल असं म्हणावं तर बिस्किटं मला कुठली आवडतात ते मात्र तुझ्या लक्षात होतं, कारण माझ्याकडे काम होतं. गरज सरो आणि वैद्य मरो असं म्हणतात. तुझा वैद्य अजून मरायचा आहे एवढंच.

त्या संध्याकाळबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. कोर्टात तू बोललास, वकील बोलले, मी साक्षीला उभी राहिले, पण तू आणि मी नाही बोललो. आज बोलते. अण्णा गेल्यावर त्यांची दुनळी वारसाने तुझ्याकडे आली होती आणि ती तू वर, तुझ्या खोलीतल्या कपाटात ठेवायचास. आदल्या दिवशी मित्रांना घेऊन गावाबाहेर बाटल्या फोडायला गेला होतास. बाटल्या संपल्या, तू बंदूक तशीच मिटलीस आणि आणून ठेवलीस. दुसऱ्या दिवशी माझ्या भावजयीने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरल्याचं तुला कळलं. तुला विचारलं नव्हतं, एवढाच तिचा अपराध. तू आवाज चढवलास, तिने ठकीला घेऊन आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी खाली दुकानात होते, तुझं ओरडणं मला ऐकू येत होतं. मग तो एक आवाज आला. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे, पण घरात, छताच्या वरून, कधी ऐकला नव्हता.

कोर्टात तू काय म्हणालास? फक्त घाबरवायचं होतं. मला वाटलं, रिकामी आहे. न्यायाधीशांनी विचारलं, उघडून पाहिली होतीत का? तू मान खाली घालून नाही म्हणालास, आणि मागच्या बाकांवरून च्यक च्यक असा आवाज आला. लोकांना तुझी कीव आली. बिचाऱ्याची चूक झाली म्हणे. मला आली नाही. परक्या माणसाला वाटू शकतं रे. शिंपी, न्हावी, मास्तर, कुणालाही वाटू शकतं. पण ज्या घरात पाण्याच्या पेल्यातसुद्धा डोकावून 'पाहिली' म्हणतात, त्या घरात वाढलेल्या माणसाने 'वाटलं' म्हणायचं? आणि बंद दारावर, ज्याच्या पलीकडे दोन जीव आहेत हे माहीत असताना, चाप ओढायचा? बंदूक रिकामी असती तरी तू बाईवर बंदूक रोखलेला माणूसच होतास. मी त्या दिवशी साक्षीत एवढंच सांगितलं की दुनळीत काडतूस घालावं लागतं, नळी मिटावी लागते, खटका पुढे सरकवावा लागतो आणि मग चाप ओढावा लागतो, आणि यातलं एकही काम बंदूक आपण होऊन करत नाही. तू माझ्याकडे असा बघत होतास, जणू मीच तुझ्यावर नेम धरला आहे.

भावजयीचा छर्रे लागलेला डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. मी तिला अजून भावजयच म्हणते. तुझी ती आता कुणी लागत नाही, पण माझं नातं मी मोडलेलं नाही. वरच्या खोल्यांत त्या दोघी आणि मी राहतो. चष्म्याच्या दुकानात ती आता मुख्य आहे. लोकांच्या कानांवर चष्मा बसवताना उजव्या हाताने इतकी अलगद बसवते की दुसरा हात अडलेला आहे हे कुणाला कळत नाही. दुकानातून मात्र ती कधी जात-येत नाही, मागचा जिना वापरते. केस तिला स्वतःचे विंचरता येत नाहीत. तेव्हापासून ठकी विंचरते, आधी स्टुलावर चढून, आता उभ्यानेच. रोज सकाळी ती खिडकीशी बसते आणि ठकी मागे उभी राहून वेणी घालते. त्या दाराची भोकं मी भुसा आणि सरस भरून बुजवली, वर रंग दिला. चांगलं काम केलं आहे, लाकूडकाम मला येतं. पण तिरपं ऊन आलं की सगळी भोकं पुन्हा उठून दिसतात.

आता गेल्या आठवड्याचं. तू बिस्किटांचा पुडा आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन दुकानात आलास, मी 'बघते' म्हणाले आणि तू शीळ घालत गेलास. त्याच खुशीत घरी जाऊन ते साष्टांग पत्र लिहिलंस. मध्ये काय घडलं ते तुझ्या ध्यानातही आलं नसणार. तू हक्कांबद्दल बोलत होतास तेव्हा मी कपाट उघडून अण्णांची दुनळी काढली आणि तुझ्यासमोर काउंटरवर ठेवली. बंद. काडतुसावर आपटणाऱ्या आतल्या दोन्ही पिना मी सकाळीच काढून डबीत ठेवल्या होत्या, त्यामुळे ती तेव्हा खिडकीच्या गजाइतकीच निरुपद्रवी होती, पण हे तुला माहीत नव्हतं. हो, सापळाच होता. मिशाला लावला तोच, जरासुद्धा वेगळा नाही. आणि तुला सांगू, मी मनातल्या मनात तुझ्याच बाजूने होते. म्हणत होते, उघड. बाबा रे, एकदा नळी पाड आणि आत बघ. तू ती उघडली असतीस तर आज मी वेगळं पत्र लिहीत बसले असते.

तू ती उचललीस. दस्त्यावरच्या अण्णांच्या हाताच्या झिजेवरून तू अंगठा फिरवलास आणि तुझे डोळे भरून आले. ते मी पाहिलं, आणि क्षणभर विरघळलेही. मग तू ती तशीच खांद्याला लावलीस. एक डोळा मिटलास. कॅलेंडरवर नेम धरलास, मग खिडकीवर, मग काचेपलीकडे फुटपाथवर छत्री दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्यावर, आणि तिथून फिरवत फिरवत ती आतल्या जिन्याच्या पडद्यावर आणून थांबवलीस. मी ओरडले, अरे, काय करतोस? तू हसलास. म्हणालास, अगं ताई, रिकामीच आहे.

पाहिली होतीस? कुठे पाहिलीस? कधी? कोर्टात तू निदान 'वाटलं' तरी म्हणाला होतास. एवढी वर्षं चार भिंतींत काढून, सरकारचं अन्न खाऊन, मंडळाची भाषणं पाठ करून तू काय कमावलंस, तर तेवढा 'वाटलं' गाळायला शिकलास. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा तर सुंभही नीट जळलेला दिसत नाही. अध्यक्षांना सांग, ताईने हक्क नाकारला नाही. तिने हत्यार तुझ्या हातात दिलं आणि ती बघत राहिली. सही मी करणार नाही, हे तुला इथवर कळलंच असेल. पण तेवढ्यासाठी मी एवढं मोठं पत्र लिहिलं नसतं, नाही म्हणायला मला दोन अक्षरं पुरतात.

त्या पडद्यामागे ठकी होती. तुझा आवाज ऐकून जिना उतरून आली आणि पडद्याशी थांबली. त्या संध्याकाळचं तिला एकच आठवतं, दाराखालच्या फटीतून दिसलेले तुझे बूट, त्यातल्या एकाची सुटलेली नाडी. चेहरा आठवत नाही. म्हणून चेहरा बघायला आली होती, आणि तिला पडद्याच्या फटीतून आधी नळी दिसली. ती ओरडली नाही. तू गेल्यावर बाहेर आली, बंदूक उचलली, नळी पाडून आत पाहिलं आणि मला म्हणाली, आत्या, पाहिली. पुढच्या महिन्यात ती परिचारिकेच्या शिक्षणासाठी दूरच्या शहरात जाते आहे, आणि जाण्याआधी तिला तुला भेटायचं आहे. मी म्हटलं, त्याची लायकी नाही. ती म्हणाली, नसेलही, पण ते माझं मला बघू दे. तर हा तिचा निरोप. तुझ्या अर्जाची सुनावणी सोमवारी आहे. त्याआधी अर्ज मागे घेतलास तर ती एकटी तुझ्या खोलीवर येईल, धड असलेल्या खुर्चीवर बसेल आणि तू करशील तो चहा पिईल. नाही घेतलास तर ती सुनावणीला येईल, बूट आणि पडदा दोन्ही सांगेल, आणि तिच्या शेजारी मी असेन. दोन्हीपैकी एक मिळेल, दोन्ही नाही. हे पत्र खरं तर तीच लिहायला बसली होती. तिने कागद घेतला, वर 'प्रिय' लिहिलं आणि पुढचा शब्द तिला लिहिता येईना. दुपार गेली, चहा निवला, शेवटी कागद माझ्याकडे सरकवून सकाळी राहून गेलेली आईची वेणी घालायला निघून गेली. म्हणून पुढचं सगळं माझं आहे, पण तो पहिला शब्द तिचा आहे, अक्षर नीट बघ. मी तुला 'प्रिय' लिहिलं नसतं. मी तिला सांगितलं, तो बंदूकच मागेल, मी त्याला जन्मापासून ओळखते. ती म्हणाली, आत्या, तू त्याच्या बाबतीत कधीच चुकत नाहीस ना? खरंय, कधीच चुकत नाही, आणि मला आता त्याचा कंटाळा आला आहे. धाकट्या, आयुष्यात एकदा तरी मला खोटं पाड.

तुझीच, दुसरं कुणी उरलेलं नाही म्हणून,
ताई